गाडी जागेवरच आहे, सामान कुठे गेलं?

माझा मामा सांगलीचा. दोन वर्षांपूर्वी आजीच्या तपासणीसाठी तो पुण्याला निघाला होता. आजी आदल्या दिवशीच मावशीबरोबर एसटीने पुण्यात पोचली होती आणि मामा मागून बाइकने येत होता. सातारा ओलांडल्यावर तो एका हॉटेलवर चहाला थांबला. गाडी हॉटेलच्या समोरच लावलेली, हँडल लॉक केलेलं, किल्ली खिशात. सात-आठ मिनिटांनी बाहेर आला तर गाडी होती तशीच उभी होती. फक्त मागच्या सीटवर बांधलेली बॅग नव्हती. बॅग बांधायच्या लवचीक दोरीचे दोन हूक तेवढे लोंबत होते.

बॅगेत काय होतं? दोन शर्ट, एक टॉवेल, मोबाईलचा चार्जर आणि आजीची फाइल. तिचे दोन वर्षांचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं त्या एका फाइलमध्ये. चोराच्या दृष्टीने त्या फाइलची किंमत शून्य. त्याने ती पुढच्या ओढ्यात फेकूनही दिली असेल. पण डॉक्टरांना जुने आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवून आजार किती वाढलाय ते बघायचं होतं. ते राहूनच गेलं. बऱ्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या आणि आजीला परत सुया टोचून घ्याव्या लागल्या.

मामा तेव्हा एक वाक्य बोलला, ते माझ्या डोक्यात बसलंय. तो म्हणाला, "मी गाडीला कुलूप लावलं, सामानाला नाही."

आपल्यापैकी बहुतेक जण हेच करतो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून हँडल लॉक, डिस्क लॉक, सोसायटीत सीसीटीव्ही, सगळं असतं. पण गाडीवरचं हेल्मेट, डिकीतली पर्स, सीटवर बांधलेली बॅग, हँडलवरचा मोबाईल होल्डर यांचा विचार आपण वस्तू गेल्यावरच करतो. तो आधी कसा करायचा, ते आज पाहू.

चोर तीन गोष्टी बघतो

गाडीवरचं सामान उचलणारा माणूस बहुधा संधी बघत फिरत असतो. त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. वस्तू दिसतेय का? किती सेकंदांत निघेल? आणि पटकन विकली जाईल का?

आपली सगळी काळजी या तीन प्रश्नांभोवती ठेवा. वस्तू दिसू देऊ नका. ती काढायला वेळ लागेल असं करा. आणि तिच्यावर तुमची खूण असू द्या, म्हणजे विकायला अवघड जाईल. जगातलं कोणतंही कुलूप तुटतं, हे खरंच आहे. पण भर रस्त्यात कुणालाही दोन मिनिटं गाडीशी खटपट करत बसायचं नसतं. दहा सेकंदांचं काम तुम्ही दोन मिनिटांचं केलंत, की तो बहुतेक वेळा पुढच्या गाडीकडे जातो.

आधी सामानाचे तीन ढीग करा

प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री सामान पलंगावर मांडा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग अंगावरचा. जे पैसे देऊनही परत मिळत नाही किंवा मिळवायला महिने लागतात, ते सगळं यात. दवाखान्याची फाइल, मूळ सर्टिफिकेट, जमिनीचे कागद, पासपोर्ट, रोज घ्यायची औषधं, दागिने, रोकड. हे जॅकेटच्या आतल्या खिशात, कमरेच्या पाऊचमध्ये किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये. गाडीवरून तुम्ही उतरलात की हेही तुमच्याबरोबर उतरलं पाहिजे.

दुसरा ढीग हातातला. लॅपटॉप, कॅमेरा, पॉवर बँक, चष्मा अशा महाग पण पुन्हा विकत घेता येणाऱ्या वस्तू. त्या एका छोट्या बॅगेत ठेवा, जी एका हाताने पटकन उचलता येईल. टाकीवर बसणारी टँक बॅग यासाठी चांगली. पण ती बहुधा चुंबकावर किंवा दोन क्लिपांवर बसते. म्हणजे तुम्हाला जितकी पटकन काढता येते, तितकीच दुसऱ्यालाही. म्हणून थांबलात की ती काढायचीच.

तिसरा ढीग गाडीवरचा. कपडे, चपला, रेनकोट, पंक्चरचं किट. हे गेलं तर वाईट वाटेल, पण प्रवास थांबणार नाही.

मामाची फाइल तिसऱ्या ढिगात होती. ती पहिल्या ढिगात असती, तर त्या दिवशी फक्त दोन शर्ट गेले असते.

दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगते. एक, गाडीचं मूळ आरसी आणि लायसन्स डिकीत ठेवण्याची आता गरज नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं कायद्याने ग्राह्य आहेत. मूळ कागद घरी सुरक्षित ठेवा. दुसरी, गाडीची जादा किल्ली बॅगेत किंवा डिकीत कधीही ठेवू नका. बॅगेबरोबर किल्ली गेली, तर गाडीही धोक्यात येते. शिवाय गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या सहसा दोन्ही किल्ल्या मागतात. एक किल्ली आधीच हरवलेली असेल, तर तुमचा दावा अडखळू शकतो.

हेल्मेट: पट्टीला नाही, कवचाला कुलूप

बऱ्याच गाड्यांना सीटखाली किंवा बाजूला हेल्मेट अडकवायचा हूक असतो. त्यात हेल्मेटच्या पट्टीची कडी अडकवली की आपण निर्धास्त होतो. पण ती पट्टी कापडी असते आणि साध्या ब्लेडने कापली जाते. हेल्मेट गेलं तर नुकसान होतंच. पण चोर अर्धवट सोडून पळाला तरी कापलेल्या पट्टीचं हेल्मेट तुमच्या उपयोगाचं राहत नाही. शिवून घेतलेली पट्टी अपघातात टिकेल याचा भरवसा नाही.

पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट असेल, तर करंगळीएवढी जाड स्टीलची केबल काचेच्या बाजूने आत घालून मानेकडून बाहेर काढा. म्हणजे केबल हनुवटीच्या कडक भागाभोवती फिरेल. मग ती गाडीच्या फ्रेममधून किंवा मागच्या ग्रॅब रेलमधून घेऊन कुलूप लावा. आकड्यांचं कुलूप असेल, तर कंपनीतून येणारा सगळे शून्य असा नंबर आधी बदला. अर्ध्या हेल्मेटला असा बंद भाग नसतो. ते सरळ बरोबर न्यावं किंवा डिकीत मावत असेल तर डिकीत ठेवावं.

आरशावर हेल्मेट टांगायची सवय मात्र सोडा. ते सहज उचललं जातं आणि आरशाच्या टोकामुळे आतला थर्माकोलसारखा थर दबतो. अपघातात डोकं वाचवतो तो हाच थर.

आणि रस्त्याच्या कडेला बिलाशिवाय स्वस्तात मिळणारं वापरलेलं चांगल्या ब्रँडचं हेल्मेट घेऊ नका. त्याची पट्टी नीट बघा, कदाचित नव्याने शिवलेली असेल. आपण ते विकत घेतो म्हणून ते चोरलं जातं.

स्कूटरची डिकी म्हणजे तिजोरी नव्हे

घरोघरी स्कूटर असते आणि तिची डिकी सगळ्यांना भरवशाची वाटते. बँकेतून काढलेली रक्कम, सोनाराकडून आणलेला दागिना, ऑफिसचा लॅपटॉप, सगळं डिकीत. बँकेबाहेर स्कूटरच्या डिकीतून रोकड गेल्याच्या बातम्या कितीतरी शहरांतून येत असतात आणि त्यांतली पद्धत जवळजवळ सारखीच असते. कुणीतरी बँकेत किंवा बाहेर नजर ठेवून असतं. तुम्ही डिकी उघडून पिशवी ठेवता, हे तो बघतो. मग वाटेत कुणीतरी सांगतं, "काका, तुमचे पैसे पडले," आणि खरंच दहा-वीसच्या नोटा पडलेल्या असतात. किंवा "मॅडम, तुमच्या ड्रेसला घाण लागलीय." तुम्ही वळून बघता आणि तेवढ्यात काम होतं.

यावर उपाय साधे आहेत. रोकड डिकीत ठेवूच नका, अंगावर ठेवा. मोठी रक्कम असेल तर दोघं जा आणि वाटेत भाजीला, चहाला न थांबता थेट घरी या. कुणी काहीही पडल्याचं सांगितलं, तरी आधी स्वतःच्या पिशवीवर हात, मग मागे बघणं. आजी-आजोबा पेन्शन काढायला जात असतील, तर त्यांना हा प्रकार एकदा नीट समजावून सांगा.

दुसरा नियम माझ्या आवडीचा आहे. डिकी निघताना भरायची, पोचल्यावर नाही. जिमला, बागेत किंवा परीक्षेला गेल्यावर गाडी लावून सगळ्यांसमोर पर्स डिकीत टाकली, की काय कुठे आहे ते आपणच जाहीर करतो. घरातूनच ठेवून निघालात, तर कुणाला कळत नाही.

डिकीचं लॉकही तपासा. सीट बंद केल्यावर दोन्ही बाजूंनी कोपरे वर ओढून बघा. हात आत जाईल एवढी फट पडत असेल, तर मेकॅनिककडून सीटचा खटका घट्ट करून घ्या. आणि गाडी लावल्यावर किल्ली गाडीलाच राहिली नाही ना, हे रोज बघा. बऱ्याच स्कूटरमध्ये त्याच किल्लीने सीटही उघडते.

गोव्याला गेलात आणि भाड्याची स्कूटर घेतलीत, तर जास्त काळजी घ्या. भाड्याच्या गाड्यांची लॉक वापरून झिजलेली असू शकतात. समुद्रात उतरताना सगळ्यांचे मोबाईल आणि पाकिटं डिकीत टाकून जाण्यापेक्षा आळीपाळीने एकाने किनाऱ्यावर सामानाजवळ बसावं.

स्कूटरच्या पुढच्या हुकाला पर्स अडकवणंही टाळा. सिग्नलला थांबल्यावर ती हिसकावणं सोपं असतं. पर्सचा पट्टा खांद्यावरून तिरका घ्या आणि पर्स जॅकेटच्या किंवा ओढणीच्या आत ठेवा.

लांबचा पल्ला: बांधलेलं सामान म्हणजे कुलूप लावलेलं सामान नव्हे

गणपतीला मुंबईहून कोकणात जाणारे चाकरमानी असोत, दिवाळीला बेंगळुरूहून कोल्हापूरला येणारी मुलं असोत की मनालीहून लेहला निघालेला ग्रुप असो, सामान बांधण्याची पद्धत बहुतेकांची एकच. मागच्या सीटवर बॅग आणि वरून लवचीक दोरी किंवा जाळी. ही दोरी सामान पडू नये म्हणून असते, चोरीसाठी तिचा काही उपयोग नाही.

दोरीच्या जोडीला एक पातळ स्टील केबल घ्या. ती बॅगेच्या हँडलमधून आणि गाडीच्या ग्रॅब रेलमधून फिरवून कुलूप लावा. बॅगेच्या चेनच्या दोन्ही कड्यांना छोटं कुलूप लावता येतं. पण चेनचे दात टोकदार वस्तूने उघडता येतात, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका. साधं काळं रेन कव्हर घातलं, तर बॅग कोणत्या कंपनीची आणि कुठे खिसा आहे, ते दिसत नाही.

दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅग घेणार असाल, तर दुकानात एकच प्रश्न विचारा. ही काढायला किती वेळ लागतो? ज्या बॅगेचे सहा पट्टे सोडवावे लागतात, ती रात्री कंटाळून गाडीवरच राहते आणि सकाळी तिथे असेलच असं नाही. आत एक साधी पिशवी घालून त्यात सामान भरा. मुक्कामी पोचलात की ती आतली पिशवी उचलायची आणि खोलीत जायचं. रिकामी बॅग गाडीवर राहिली तरी हरकत नाही.

कडक टॉप बॉक्स किंवा साइड बॉक्स जास्त सुरक्षित असतात. पण बॉक्सला लॉक आहे एवढ्यावर थांबू नका. तो ज्या प्लेटवर बसतो, ती प्लेट गाडीला कशी जोडली आहे ते बघा. बॉक्स बसवल्यावर प्लेटचे बोल्ट झाकले जात असतील तर ठीक. ते बाहेरून दिसत असतील, तर एका पान्ह्याने प्लेटसकट बॉक्स निघू शकतो.

थांबण्याच्या जागेची निवडही महत्त्वाची. गाडी तुम्हाला टेबलावरून दिसेल अशी लावा. ती दिसेल असं टेबल नसेल, तर गल्ल्याजवळ लावा आणि मालकाला सांगा, "दादा, जरा गाडीकडे लक्ष असू द्या." ही काही हमी नाही, पण कुणाचं तरी लक्ष आहे हे आजूबाजूच्यांना कळतं. ग्रुप असेल तर सगळ्यांनी एकदम आत जाऊ नका, एक जण बाहेर थांबावा. सामान एका बाजूला असेल, तर ती बाजू भिंतीकडे येईल अशी गाडी उभी करा.

देवदर्शनाच्या ठिकाणी हार-प्रसादाच्या दुकानांत चपला ठेवतात, तसं हेल्मेट आणि छोटी बॅगही ठेवू देतात. तिथून नारळ-फुलं घ्या आणि सामान ठेवा. पण पहिल्या ढिगातली वस्तू तिथेही सोडू नका.

गाडीवर बसवलेल्या वस्तू

मोबाईल होल्डर, जादा दिवे, ॲक्शन कॅमेऱ्याचा माउंट, आरसे, क्रॅश गार्ड, यूएसबी चार्जर. हौसेने बसवलेल्या या वस्तू बहुतेक साध्या ॲलन बोल्टवर असतात आणि ती किल्ली पन्नास रुपयांच्या सेटमध्येही मिळते.

तीन गोष्टी करता येतील. पहिली, जी वस्तू क्लिपने निघते ती दर थांब्याला काढून खिशात टाका. दुसरी, महाग वस्तूचा निदान एक बोल्ट वेगळ्या डोक्याचा बसवून घ्या, ज्याला खास किल्ली लागते. आणि तिसरी, बुलेटवाल्यांच्या गप्पांतून चालत आलेली जुनी युक्ती. ॲलन बोल्टच्या खड्ड्यात बरोबर मावेल असा बेअरिंगचा बारीक छर्रा बसवायचा आणि वरून एम-सीलसारखं लांबी भरायचं. तुम्हाला काढायचं असेल तेव्हा लांबी कोरून छर्रा काढता येतो, पण रस्त्यात एवढा वेळ कोण घालवणार? ही युक्ती ब्रेक, चाक किंवा सर्व्हिसिंगला लागणाऱ्या बोल्टवर मात्र अजिबात करू नका. वाटेत पंक्चर झालं, तर तुम्हीच अडकाल.

यासोबत खूण. गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे बॉक्सवर, गार्डच्या आतल्या बाजूला कोरून घ्या. हेल्मेटच्या आत पक्क्या शाईने लिहा. मग प्रत्येक वस्तूचा खुणेसकट फोटो काढा आणि बिलाचा फोटो त्याच अल्बममध्ये ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते पुढे किती उपयोगी पडतं, ते खाली सांगते.

घराखाली लावलेली गाडी

पार्किंगमध्ये महिना-महिना उभी राहणारी गाडी सगळ्यांच्या नजरेत असते. बॅटरी, आरसे, पेट्रोल अशा गोष्टी तिथूनच जातात. गावाला जाताना गाडीवर कव्हर घाला, ती भिंतीला खेटून लावा आणि वॉचमनला किंवा शेजाऱ्यांना तारखा सांगून जा. परत आल्यावर चालू करण्याआधी पेट्रोलचा पाइप आणि ब्रेक एकदा बघून घ्या. पाइप ओढून सैल झालेला असेल, तर पेट्रोल गळून आग लागू शकते.

सीसीटीव्ही चोरी थांबवतोच असं नाही, पण नंतर माग काढायला मदत करतो. म्हणून तो गाडीच्या दिशेला आहे का आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, हे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विचारा.

बदली झाली म्हणून गाडी रेल्वेने पाठवणार असाल, तर तिच्यावर काहीही सामान ठेवू नका. बॉक्स, होल्डर, आरसे काढून घ्या. टाकी तशीही रिकामी करावी लागते. पॅकिंग करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. बुकिंग करताना मूल्य जाहीर करून त्याचं जादा शुल्क भरायची सोय असते, तिची चौकशी करा. मूल्य जाहीर केलं नाही, तर नुकसान झाल्यास रेल्वेची जबाबदारी ठराविक मर्यादेपुरतीच असते.

विम्यातली एक ओळ

गाडीचा विमा आहे, मग काळजी कसली, असं वाटत असेल तर पॉलिसी उघडून बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर कोणत्याही चोरीची भरपाई नाही. पूर्ण पॅकेज पॉलिसी असली, तरी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत एक अपवाद असतो. ॲक्सेसरीज चोरीला गेल्या, पण गाडी जागेवरच असली, तर भरपाई मिळत नाही. गाडीसकट गेल्या तरच मिळते.

यासाठी जादा हप्ता भरून घ्यायचं एक कलम आहे. ते आयएमटी ३३ या नावाने ओळखलं जातं आणि फक्त दुचाकींसाठी आहे. तुमच्या गाडीवर महागडे बॉक्स आणि दिवे असतील, तर नूतनीकरणाच्या वेळी एजंटला या कलमाबद्दल विचारा आणि नंतर बसवलेल्या वस्तू किमतीसह पॉलिसीत लिहून घ्या. बॅगेतले कपडे, लॅपटॉप, मोबाईल मात्र गाडीच्या विम्यात येत नाहीत.

तरीही चोरी झालीच तर

आधी स्वतः सुरक्षित आहात ना, ते बघा. चोर समोर दिसला तरी एकट्याने पाठलाग करू नका. बॅगेत ब्लूटूथ टॅग किंवा जीपीएस असेल आणि जागा मोबाईलवर दिसत असेल, तर ती पोलिसांना दाखवा, स्वतः जाऊ नका. तातडीची मदत हवी असेल, तर ११२ हा नंबर देशभर चालतो.

मग जागेचे फोटो काढा आणि दुकानदाराला सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगा. कार्ड गेलं असेल तर बँकेला फोन करून ते बंद करा. मोबाईल गेला असेल, तर पोलिसांत तक्रार दिल्यावर संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर सुविधेतून त्याचा आयएमईआय नंबर ब्लॉक करता येतो. म्हणून तो नंबर आधीच घरी लिहून ठेवा.

तक्रारीबद्दल काही गोष्टी माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि हिसकावून नेण्यासाठी कलम ३०४ वेगळं आहे. तुम्ही प्रवासात असाल, तर गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

आता बिलांचं महत्त्व. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल आणि गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर शिक्षा म्हणून समाजसेवा, अशी तरतूद आहे. असा छोटा गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आपण घाईत "एक बॅग गेली" एवढंच सांगतो. पण बॅग, हेल्मेट, जॅकेट, चार्जर, पॉवर बँक यांची एकत्र किंमत पाच हजारांच्या पुढे सहज जाते. म्हणून यादी नीट करा, बिलं दाखवा. किंमत फुगवू मात्र नका, खरी तीच सांगा.

आणि चोरी झाली असेल तर तक्रारीत "चोरी" असंच लिहा. "गहाळ झालं" असं लिहिलं, तर ती फक्त हरवल्याची नोंद होते आणि कुणाचा तपास होत नाही.

निघण्याआधीची दोन मिनिटं

हे सगळं एकदम लक्षात ठेवायची गरज नाही. गाडी लावली की चार प्रश्न स्वतःला विचारा. किल्ली काढली का? अंगावरची वस्तू अंगावर आहे का? जे दिसतंय ते पटकन निघण्यासारखं आहे का? गाडी मला किंवा कुणाला तरी दिसतेय का? घरात नवीन गाडी शिकणारं कुणी असेल, तर क्लच-ब्रेकबरोबर ही सवयही शिकवा.

मामा अजूनही बाइकनेच पुण्याला येतो. त्याची मागची बॅग जुनी, फाटकी आणि स्टीलच्या केबलने बांधलेली असते. आजीची नवी फाइल मात्र मामीने शिवलेल्या कापडी पिशवीत, जॅकेटच्या आत असते. चहाला थांबला की आधी छातीवर हात ठेवून तो फाइल चाचपतो, मगच कप उचलतो. शिवाय प्रत्येक रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. आज वेळ मिळाला, तर तुमच्या घरातल्या महत्त्वाच्या कागदांचेही फोटो काढून ठेवा.